फक्कीचं घर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्या शहाण्यानं ही दोन्ही कामं एकदम अंगावर आलेला माणूस बघितला नसावा. बघितला असता तर गप्प बसला असता. बलभीमअण्णांच्या अंगावर दोन्ही एकदमच आली होती, आणि वर एकमेकांत अशी अडकली होती की एक सुटल्याशिवाय दुसरं सुटेना.

भूमपासून थोडं आत, रस्त्याला लागून त्यांचं रान. रानात पत्र्याच्या दोन खोल्या, शेजारी गोठा, गोठ्यात म्हशी, आणि गोठ्याच्या अंगाला खव्याची भट्टी. भट्टीवर शंभू. अण्णांचा एकुलता एक मुलगा, पस्तिशी ओलांडलेला. सकाळ-संध्याकाळ मोठ्या कढईपुढं बसून तो दूध आटवायचा, आणि खवा असा करायचा की तुळजापूरचे पेढेवाले नाव घेऊन मागायचे. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, बोलणं कमी, बापाच्या शब्दाबाहेर पाऊल नाही. एके काळी अशा पोराला मुली सांगून आल्या असत्या. आता दिवस फिरले होते. मुलींच्या बापांना पुण्याच्या कंपनीतला जावई हवा. तिथं तो चौघांत मिळून एका खोलीत राहत असला तरी चालतं. इथं मात्र चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारायचे, "घर स्लॅबचं हाय का?"

घर स्लॅबचं नव्हतं. ऐपत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. अण्णांनी भूमच्या एका इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतला होता, वाळू आणून टाकली होती, पाण्याची टाकी बांधली होती. अडलं होतं ते अण्णांच्या शहाणपणापाशी. त्यांच्या भावकीत एकानं आपल्या मनानं घर बांधलं होतं. पुढं सून आली आणि वर्षाच्या आत स्वयंपाकघराची नवी कोरी भिंत फोडावी लागली. ते बघून अण्णांनी ठरवलं, येणाऱ्या सुनेला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही. "भित फोडन्यापरीस कागुद खोडल्याला बरा," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि चारचौघे माना डोलवायचे. म्हणजे आधी सोयरीक, मग घर. आणि पाहुणे म्हणायचे, आधी घर, मग सोयरीक. अशी चार-पाच वर्षं गेली. वाळूत कुत्र्यांनी पिल्लं घातली.

पहिला नकाशा बघण्यासारखा होता. पुढं ओसरी, मध्ये माजघर, ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, मागं धान्याची खोली, शंभूची खोली, आणि पूर्वेच्या अंगाला गोठ्याकडं तोंड करून अण्णांची आणि कमलबाईंची खोली. कमलबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, आख्ख्या घरात एकच गोष्ट मागितली होती. त्या खोलीला पूर्वेला खिडकी. ती पण बाजेवर पडल्या पडल्या गोठा दिसेल एवढी खाली.

"गुडघं गेलं माजं," त्या म्हणाल्या होत्या. "म्हस याया झाली का, रेडकू सुटलं का, दर टायमाला उठून बगायला जमत न्हाय आता. पडल्या जागंवरनं दिसलं पायजे."

"खिडकी खाली घेतली तर चोराला बोलावनंच की," अण्णा म्हणाले.

"चोर येऊन काय न्हेतोय, तुमाला?"

यावर दोघांत दोन दिवस अबोला होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार. पण शेवटी खिडकी नकाशात आली, आणि कमलबाईंनी इंजिनिअरला घरचा खवा धाडला.

मग पाहुणे यायला लागले आणि नकाशाला ओहोटी लागली. बार्शीकडच्यांनी विचारलं, संडास बाहेर का? अण्णांनी आत घेतला. परांड्याकडचे म्हणाले, मुलीच्या बेडरूमला अटॅच पाहिजे. अण्णांनी अटॅच केला. कुणाला ओसरी जुनाट वाटली, तिचा हॉल झाला. कुणाला जिना आतून हवा होता. धान्याची खोली जाऊन तिथं जिना आला. दर वेळी कुठली तरी जागा वाढायची आणि दर वेळी ती निघायची पूर्वेच्या खोलीतून, कारण ती एकच खोली अशी होती की जिच्यासाठी भांडणारं कुणी पाहुण्यांत नव्हतं. होता होता ती एवढी झाली की एक बाज आत टाकली तर दुसऱ्यानं खालीच पडावं. कमलबाई म्हणाल्या, "आसू द्या. म्या खालीच निजते. खिडकी तेवढी ऱ्हाऊ द्या." पाहुणे मात्र दर वेळी घरी जाऊन कळवतो म्हणाले, आणि कळवायचं विसरले.

शेवटचे आले ते कळंबकडचे. त्यांच्यातल्या एका बाईनं नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, "म्हातारी माणसं इथंच राहणार का?" अण्णा हसून म्हणाले, "मग कुठं जात्याल?" ती बाई पण हसली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर कुणी बघितलीच नव्हती. तो प्रश्न अण्णांच्या मनात कुसळासारखा रुतून बसला. जेवताना टोचायचा, झोपेत टोचायचा. आपण जिवंत आहोत हाच आपल्या पोराच्या वाटेतला धोंडा आहे की काय, असं त्यांना वाटायला लागलं, आणि हे कुणाला सांगता येत नव्हतं.

अशात कमलबाईंचे भाऊ गोरोबा तुळजापूरचं एक स्थळ घेऊन आले. मुलीच्या बापाचं, बब्रुवान त्यांचं नाव, देवीच्या रस्त्याला हळदीकुंकवाचं दुकान. मुलगी हर्षाली एका दवाखान्यात कामाला. तिशी उलटलेली, स्वतःच चार स्थळं नाकारलेली. शंभू आणि गोरोबा तिला बघून आले तेव्हा ती शंभूशी बोलली, खवा किती वेळ हलवावा लागतो ते विचारलं, आणि शंभू चक्क बोलला. परत आल्यावर तो भट्टीवर बसून स्वतःशीच गुणगुणत होता. कमलबाईंनी ते ऐकलं आणि पदरानं डोळे पुसले. आता मुलीकडचे घर बघायला येणार होते, आणि मुलगी स्वतः येणार होती.

"दाजी, ह्या बारीला कागुद दावू नका," गोरोबा म्हणाले. "कागदावरलं घर बायामानसाला कळत न्हाय. जिमिनीवर आखा. चालून बगू द्या."

अण्णांना ते पटलं. शिवशरण मिस्त्री आला, त्यानं दोरी धरली, खुंट्या ठोकल्या, गुण्या लावून कोपरे काटकोनात घेतले आणि दोरीच्या कडेनं चुन्याची पांढरी फक्की सोडत गेला. दाराला मोकळी जागा, खिडकीला दुहेरी रेघ. संध्याकाळी उतरत्या उन्हात ते घर जमिनीवर उमटलं तेव्हा अण्णांना काही सुचेना. इतकी वर्षं घडी घालून खिशात ठेवलेलं घर असं उघड्यावर पडलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

कमलबाई चपला काढून आत गेल्या. रेघ ओलांडून नव्हे, पुढच्या दारानं. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून पूर्वेच्या खोलीत. तिथं त्या मातीवर बसल्या, मग हातावर डोकं टेकून आडव्या झाल्या आणि दुहेरी रेघेपलीकडं बघायला लागल्या. गोठ्यात म्हैस रवंथ करत उभी होती.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "समदं दिसतंय."

"उठ आता, कुनी बगंल," अण्णा म्हणाले. पण त्यांनी कमलबाईंना घाई केली नाही.

पाहुणे रविवारी आले. बब्रुवान, त्यांची बायको आणि हर्षाली. पोहे झाले, चहा झाला, ताज्या खव्याचे पेढे झाले. बब्रुवान मोकळे बोलणारे होते, म्हशींची चौकशी करून झाली, पाण्याची झाली. शंभू कढई उतरवून हात धुऊन येऊन उभा राहिला. मग अण्णा सगळ्यांना घर दाखवायला घेऊन गेले.

"ह्यो हॉल. बसा म्हनलं आसतं, पर खुर्च्या आजून यायच्यात," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले. बब्रुवानांची बायको भिंतींतून आरपार चालत होती. कमलबाईंना ते बघवत नव्हतं. हर्षाली मात्र दारादारानं चालली होती. स्वयंपाकघराच्या मोकळ्या जागेपाशी ती थांबली, आत गेली, ओटा कुठं येणार ते विचारलं, आणि त्या न बांधलेल्या ओट्यापुढं क्षणभर उभी राहिली. अण्णांच्या जिवात जीव आला. ही पोरगी घरात आली, असं त्यांना खरोखरच वाटलं.

मग ती पुढं होऊन पूर्वेच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"ही कुणाची खोली?"

प्रश्न साधा होता. आवाजही साधा होता. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि अण्णांचं तोंड तर पाच वर्षं पोळत होतं. त्यांना कळंबची बाई दिसली, तिचं नकाशावरचं बोट दिसलं, भट्टीवर म्हातारा होत चाललेला शंभू दिसला.

"कुनाचीच न्हाय," ते म्हणाले. "मिस्त्रीनं चुकून आखली."

आणि त्यांनी पायानं ती रेघ पुसायला सुरुवात केली. चपलेच्या टाचेनं आधी दाराकडची, मग बाजूची. फक्की मातीत मिसळून राखेसारखी झाली. "आमी हितंच ऱ्हातो, पत्र्यात," ते पुसता पुसता सांगत होते. "आमाला जनावरं सोडून झोप येत न्हाय. घर तुमच्या पोरीचं आन् शंभूचं. ही जागा बी बेडरूमातच घ्यायची हाय. काय गं?"

कमलबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. असं बघणं अण्णांनी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. मग त्या हसल्या.

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "आमाला न्हाय करमत स्लॅबखाली. उकडतं."

आणि पूर्वेची ती दुहेरी रेघ, जिथपर्यंत अण्णा अजून पोचले नव्हते, ती त्यांनी स्वतःच्या अनवाणी पायानं पुसून टाकली.

बब्रुवान गोठ्याकडं बघायला लागले. हर्षाली शंभूकडं वळली. तो हॉलच्या रेघेबाहेर, खाली मान घालून उभा होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" तिनं विचारलं.

शंभूनं वर बघितलं. एकदा आईच्या पायाकडं, त्याला लागलेल्या पांढऱ्या फक्कीकडं बघितलं. एवढा वेळ होता. एवढ्या वेळात माणूस एक वाक्य बोलू शकतो.

"अण्णा म्हनतेल तसं," तो म्हणाला.

निघताना बब्रुवानांनी अण्णांचा हात हातात घेतला, घर ऐसपैस आहे म्हणाले. हर्षाली कमलबाईंच्या पाया पडली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली. गाडी रस्त्याला लागल्यावर अण्णा म्हणाले, "जमलं." कमलबाई पाय धुवायला गेल्या.

निरोप घेऊन गोरोबा स्वतः आले, आणि ते फोन न करता आले यातच सगळं कळायला हवं होतं. भट्टीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी टोपी काढली. शंभू कढईत उलथणं फिरवत होता.

"न्हाय म्हनले," गोरोबा म्हणाले.

"कामून?" अण्णांचा आवाज चढला. "आता काय ऱ्हायलं? खोली बी पुसली की म्या. त्यांच्या म्होरं पुसली."

"तेच्याच पायी."

अण्णांना कळलं नाही. गोरोबांनी एकदा बहिणीकडं बघितलं. सांगावं की न सांगावं, असं त्यांना झालं होतं.

"बब्रुवान तर तयार हुते. बायको बी. पोरगीच न्हाय म्हनली. तिनं सहज इचारलं हुतं, दाजी. तिची आजी ऱ्हाती त्यांच्यात, तिचं समदं हीच करती. ती म्हनली, ज्यानं डोळ्यादेखत आईची खोली पुसू दिली, त्याच्या घरात माजी खोली किती दिवस ऱ्हाईल?" गोरोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "देव देतं आन् कर्म न्हेतं, दुसरं काय."

अण्णांना त्या पोरीवर चिडायचं होतं, गोरोबांवर चिडायचं होतं, कळंबच्या बाईला शोधून काढून तिच्या दारात उभं राहायचं होतं. पण राग जायला जागाच सापडेना, आणि फिरून फिरून तो त्यांच्याच उजव्या पायावर येऊन थांबत होता. हव्या असलेल्या माणसानं दार वाजवलं होतं आणि त्यांनी दारच पुसून टाकलं होतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मोठं काही तरी वाटत होतं. पोराच्या वाटेतला धोंडा आपणच, हे इतके दिवस नुसतं वाटत होतं, आता खरं झालं होतं.

करपल्याचा वास आला. शंभूचा हात थांबलेला होता. कढईतलं दूध तळाशी लागत होतं आणि तो त्याच्याकडं बघत नुसता बसला होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून खवा कधी लागला नव्हता. कमलबाईंनी पुढं होऊन भट्टीतलं लाकूड ओढलं. शंभूनं उठून बादलीभर पाणी कढईत ओतलं आणि तो गोठ्यात निघून गेला.

"माजंच चुकलं," अण्णा म्हणाले. पन्नास वर्षांत हेही ते पहिल्यांदाच म्हणत होते. कमलबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या खळाखळा कढई घासायला बसल्या होत्या.

आता दुर्दैव असं की पायाचे खड्डे घ्यायचा मुहूर्त ठरवून ठेवलेला होता. पाहुणे खूश होऊन गेले या भरात अण्णांनी शिवशरणला तारीख देऊन टाकली होती, आणि नंतर या सगळ्यात त्याला नको म्हणायचं राहून गेलं. तो माणसं घेऊन सकाळीच हजर झाला. नारळ आणला होता, हळदकुंकू आणलं होतं. मधल्या दिवसांतल्या वाऱ्यानं रेघा फिकट झाल्या होत्या, पण घर अजून ओळखू येत होतं. पूर्वेला फक्त मातीचा डाग होता.

"अण्णा, हितली रेघ गेली की," शिवशरण म्हणाला. "कशी घ्यायची?"

अण्णा टाकीच्या कठड्याला धरून उभे होते. ज्या माणसानं चार-पाच वर्षं सगळ्यांना विचारून घर आखलं, त्याला आज विचारायला कुणी उरलं नव्हतं.

शंभू भट्टीकडून आला. त्यानं फक्कीची पिशवी उचलली आणि वाकून रेघ मारायला लागला. हाताला सवय नव्हती, रेघ वाकडी जात होती. शिवशरण दोरी घेऊन पुढं झाला तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. पूर्वेची खोली त्यानं पहिल्या नकाशात होती तेवढी घेतली, मग थांबला, आणि अटॅच संडास होता तिथपर्यंत वाढवली, मग आणखी वाढवून आपल्या बेडरूमची भिंत पायानं पुसली आणि ती जागाही आत घेतली. आता तिथं दोन बाजा मावल्या असत्या, शिवाय एक कपाट, आणि फिरायला जागा उरली असती.

"आरं, येडा का काय तू," कमलबाई पुढं आल्या. "येवढी मोठी कशाला? उद्या आनकी कुनी बगायला आलं आन् इचारलं तर?"

शंभू पिशवी हातात धरून सरळ उभा राहिला. त्याच्या भुवयांवर, केसांवर फक्की बसली होती, आणि अण्णांना आपला मुलगा क्षणभर आपल्याच वयाचा दिसला.

"कुनी येत न्हाय आता, माय," तो म्हणाला. रागानं नव्हे. दूध संपलं असं सांगावं तसं.

अण्णांनी वाट बघितली. कमलबाई त्याला गप्प करतील, देवीचं नाव घेतील, असं कसं म्हणतोस म्हणतील. एवढी वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. आज त्या नुसत्या त्या मोठ्या खोलीकडं बघत राहिल्या, आणि ती त्यांना कशाच्या बदल्यात मिळते आहे ते त्यांना कळलेलं अण्णांना दिसलं.

शिवशरणला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपला कामाचा माणूस. त्यानं खुंट्या ठोकल्या, शंभूची वाकडी रेघ दोरीत घेतली, दाराची जागा मोकळी सोडली. मग पूर्वेच्या बाजूला उभा राहून फक्कीची मूठ भरली.

"कमलबाई, तुमची ती खिडकी कुठं ठेवायची?"

गोठ्यात म्हैस हंबरली. धार काढायची राहिली होती. कमलबाईंनी पदर खोचला आणि रेघेवर पाय देऊन, भिंतीतून आरपार, तिकडं निघाल्या.

"कुठंबी ठेवा," त्या म्हणाल्या.